सखीचं कडवं

आमच्या ह्यांचा घसा आयुष्यात कधी बसला नाही. बसायला तो वापरावा लागतो. चौदा वर्षं हे संगीत नाटकाच्या कंपनीत प्रॉम्प्टर होते, म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजत त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. कंपनी बुडाल्यावर छापखान्यात लागले, तिथे एकोणतीस वर्षं कॉपीहोल्डर. मुद्रितं तपासणारा समोर बसलेला असतो, त्याला मूळ हस्तलिखित वाचून दाखवणारा तो कॉपीहोल्डर. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं एका सुरात. खुनाची बातमी असो नाहीतर साबणाची जाहिरात, ह्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. एकाचे शब्द दुसऱ्याला पोचवायचे आणि मधे स्वतःचा एकही घालायचा नाही, अशा नोकऱ्या शोधून मिळत नाहीत. ह्यांना दोन मिळाल्या.

सवय मेली घरीही सुटली नाही. समोरचा माणूस बोलताना जरा थांबला की ह्यांच्या ओठांची हालचाल सुरू. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "हे पाहा, तुम्हाला जरा…" की हे हळूच, "साखर." शेजारच्या बाईंचा नवरा गेला, आम्ही भेटायला गेलो. ती बिचारी म्हणाली, "आता मी कुणाच्या…" आणि तिला हुंदका आला. हे पुढे वाकून म्हणाले, "आधाराने." तीही म्हणाली, "हो, आधाराने." धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं, आणि हे मात्र काम चोख केल्यासारखे मागे टेकून बसले.

आता तुम्ही विचाराल, मग बाई, असल्या माणसाशी लग्न का केलंस. त्यालाही ह्यांच्या कंपनीचं एक नाटक कारण.

त्या नाटकाचं कौतुक मी करत बसत नाही, करणारे पैशाला पासरी आहेत. राजपुत्र लढाईला निघतो, राजकन्या खांबाला टेकून उभी राहते, आणि तिची सखी तबक घेऊन मागे. सखी मी होते. अडीच तासांच्या नाटकात मला नऊ वाक्यं आणि एक कडवं. निरोपाच्या गाण्यात राजपुत्र दोन कडवी गातो, मग सखी पुढे येऊन एक गाते, आणि मग राजपुत्र शेवटचं गाऊन निघून जातो. राजपुत्राचं काम कंपनीचे मालकच करायचे, पोट सुटलं तरी. माझं कडवं असं होतं:

ऐकले नाही तिचे तू, ऐक माझे हे तरी,
दार उघडे ठेवुनी ती जागते वाऱ्यावरी;
दीप विझतो, ती न विझते, पाहते मी हे घरी,
जायचे सोपे तुला रे, राहणे अमुच्या शिरी.

चार ओळी. पण चौथ्या ओळीला बायकांच्या बाजूने जो आवाज उठायचा, तो मालकांच्या सबंध नाटकात उठला नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला राहिलेलं नाही. त्रेसष्ट प्रयोग मी ते गायले.

चौसष्टाव्या प्रयोगाला रेकॉर्ड काढणारी मंडळी यंत्र घेऊन थिएटरात आली. प्रेक्षकांसकट चालता प्रयोग उतरवून घ्यायचा, अशी तेव्हा मोठी टूम होती. मी नवी कर्णफुलं घातली होती, आवाजाच्या रेकॉर्डसाठी. अक्कल तेवीस वर्षांची. गाणं आलं, मालकांची दोन कडवी झाली, ऑर्गनवाल्याने माझा सूर दिला, मी तबक खाली ठेवून श्वास घेतला, आणि विंगेतून कुजबुज आली ती माझ्या ओळीची नाही, राजपुत्राच्या शेवटच्या कडव्याची. मालकांनी तिथून उचललं. राजपुत्र गायला लागला की सखीने मान खाली घालायची असते. मी घातली.

प्रयोग संपल्यावर हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले, वही छातीशी धरलेली, चेहरा पिठासारखा. म्हणाले, "पानं चिकटली होती. माझ्याकडून दोन उलटली गेली." मी काय म्हणणार? माणूस रडायच्या बेताला आला होता. उलट मीच त्यांना पाणी दिलं. पुढे महिनाभर रोज माझ्यासाठी काही ना काही आणायचे, कधी पेरू, कधी सुईदोऱ्याचं पाकीट. आपल्या चुकीची इतकी लाज वाटणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. वर एकदा म्हणाले, "तुझं कडवं मला अक्षर न् अक्षर पाठ आहे." मी पाघळले. लग्न झालं.

रेकॉर्ड तुफान खपली. आणि मग कौतुकाचा पूर आला, तो कशाचा, तर त्या खड्ड्याचा. ऑर्गनचा सूर थांबतो, मालक सुरू होतात, त्या मधे अकरा सेकंद काहीच नाही. नीट कान दिला तर ह्यांची कुजबुज तेवढी उंदराने कुरतडल्यासारखी ऐकू येते. जाड चष्म्याच्या एका समीक्षकाने त्या अकरा सेकंदांवर अडतीस पानं लिहिली. विरहाची शांतता म्हणे. मालकांनी मुलाखतीत सांगून टाकलं की ती जागा त्यांना त्या क्षणी सुचली. माझं कडवं मग प्रयोगातही परत आलं नाही, कारण रेकॉर्डमधे नाही, लोक गोंधळतात. पुढच्या कंपन्या ती शांतता तालमीत घड्याळ लावून बसवायला लागल्या. शेण खाल्लं कुणी आणि ढेकर कोण देतंय, सगळाच आनंद.

रेकॉर्डच्या कव्हरवर गाणाऱ्यांच्या यादीत शेवटी माझं नाव आहे. आमच्या लेकीने शाळेत सांगितलं, माझी आई रेकॉर्डमधे गाते. चार मैत्रिणी ऐकायला घरी आल्या, सतरंजीवर ओळीने बसल्या. दोन्ही बाजू संपल्या. एकीने विचारलं, "काकू, तुमचं कधी येणार?" मी चहा टाकायला उठले. ह्यांनी तेव्हा काय केलं? सुई उचलून रेकॉर्ड पुसून ठेवली.

पण राग धरला असला तरी मी तो चिकटलेल्या पानांवर धरला होता. सेहेचाळीस वर्षं मी ह्यांना पानं चिकटण्यावरून टोमणे मारले. भाजी करपली की मी म्हणायचे, "पानं चिकटली वाटतं." हे ऐकून घ्यायचे. गरीब गाय, पोटात पाय.

मग गेल्या वर्षी सिनेमावाले आले. मालकांचा नातू पैसे घालणार होता, आणि दिग्दर्शक चाळिशीचा, उन्हाळ्यात गळ्यात मफलर बांधणारा. नाटकाचा सिनेमा करायचा होता. गाणी मात्र जुन्या रेकॉर्डमधलीच घ्यायची, मशीनने धुऊनपुसून, आणि आजच्या नटांनी त्यावर ओठ हलवायचे. म्हणजे मेलेल्याच्या तोंडचं जिवंताच्या तोंडी. त्यांना नाटकाची मूळ वही हवी होती आणि ह्यांना त्यांनी सल्लागार नेमलं. ह्यांनी इस्त्रीचा सदरा बाहेर काढला.

दिग्दर्शक आमच्या खाटेवर बसून मला म्हणाला, "आजी, त्या शांततेवर मी अख्खा क्लोजअप उभा केलाय."

मी म्हटलं, "तिथे कडवं आहे. माझं."

तो हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसा. "वहीत असेल तर बघू या ना," म्हणाला आणि गेला.

वही कपाटाच्या वर, गाठोड्यात. दुसऱ्या दिवशी हे न्हाव्याकडे गेले असताना मी स्टुलावर चढून ती काढली. मला फक्त पान काढून ठेवायचं होतं, म्हणजे आयत्या वेळी ह्यांची शोधाशोध नको. पान सापडलं. नव्यासारखं करकरीत होतं, मागचं पुढचं एकही कुठे चिकटल्याची खूण नाही. माझ्या चार ओळींभोवती तांबड्या पेन्सिलीची चौकट, पट्टी लावून आखलेली. बाजूला ह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात: "मालकांच्या सांगण्यावरून वगळले. एक बाजू बावीस मिनिटांत बसत नाही." खाली तारीख, आणि वेळसुद्धा. मध्यंतर.

हे आले, मानेवर केस चिकटलेले. मी वही समोर धरली. मग म्हणाले, "मध्यंतरात यंत्रवाला मालकांना सांगून गेला, गाणं लांबतंय. मालक मला म्हणाले, सखीचं काढ, आणि तिला सांगून ये."

"मग?"

"मी आलो होतो दारापर्यंत. तू आरशासमोर होतीस. तेच गुणगुणत होतीस. कसं सांगणार?"

"तोंडाने."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. गायली असतीस."

"गायलेच असते. ऑर्गनवाला माझ्या बाजूचा होता. गायले असते आणि ते रेकॉर्डवर आलं असतं, मग बसा बोंबलत बावीस मिनिटांच्या नावाने. म्हणजे माझं कडवं गेलं ते तुमच्या…" संतापाने माझा शब्द अडला.

"नोकरीपायी," हे म्हणाले.

बघा. तेवढ्यातही.

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. भेकडपणा मी समजू शकते, पोटाला लागतं. पण त्या भेकडपणावर लाजेचा मुलामा देऊन माझ्याशी लग्न केलं, सेहेचाळीस वर्षं टोमणे खाल्ले आणि त्यातही आपण काहीतरी सोसतोय असा सोज्वळ चेहरा ठेवला, हे मला जास्त झोंबलं. मालक निदान उघड चोर होता.

पाचव्या दिवशी मीच बोलले, कारण गरज मला होती. मला पडद्यावर यायचं नव्हतं. सत्तरीच्या बाईला कोण बघतंय? ते कडवं त्याच्या चालीत कुणीतरी गायला हवं होतं, बस. नाटक लिहिणारा गेला, चाल लावणारा गेला, ऑर्गनवाला गेला. चाल कागदावर कुणी उतरवली नव्हती. ती आता एका जागी होती, माझ्या गळ्यात, आणि गळ्याचा भरवसा किती? मी सकाळी भांडी घासताना गाऊन बघायला लागले. तिसरी ओळ वर जाते तिथे आवाज फाटायचा. आठ दिवसांत फाटायचा थांबला.

मी ह्यांना म्हटलं, "चित्रीकरणाच्या जागी बाहेरच्यांना सोडत नाहीत. पास तुमच्या एकट्याकडे आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं, इथे कडवं होतं. वही दाखवायची. आणि म्हणायचं, चाल शिकवायला बायको येईल, ज्या पोरीने सखी केली आहे तिला तासाभरात बसेल. जमेल? की दारापर्यंत जाऊन परत याल?"

"जमेल," हे म्हणाले. खरं सांगते, म्हणण्याची तऱ्हा पाहून मला वाटलं, ह्या वेळेस जमेल.

आणि जमलं. संध्याकाळी हे घरी आले ते उंची वाढल्यासारखे. चपला काढायच्या आधी सांगायला लागले. मालकांचा नातू बसला होता, पन्नास माणसं होती, आणि ह्यांनी उभं राहून सांगितलं, इथे कडवं होतं, ते मालकांनी काढायला लावलं आणि मी मुकाट काढलं. दिग्दर्शकाने ह्यांच्या सदऱ्याला माईक लावला आणि म्हणाला, आजोबा, म्हणा.

"आणि तुम्ही म्हणालात?"

"अख्खं. एक अक्षर चुकलं नाही."

"चालीत?"

"छे गं, मी कुठला गातो. सांगितलं नुसतं, आपण सांगतो तसं."

"आणि मी शिकवायला येईन, ते?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, बघू, कळवू."

मी त्यांना पोळी वाढली. जरा जास्त तूप लावलं, ते माझ्या हातून लागलं. मग मी फोनजवळ बसायला लागले. बाहेर जायचे ते लेक घरी असली तरच. कळवू म्हणणारे कळवत नसतात हे मला ह्या वयात कुणी शिकवायला नको होतं, पण आशा मेली चिवट. रोज सकाळी मी ते कडवं एकदा गायचे, दह्याचं मुरवण जपतात तसं. दोन महिने गेले, चार गेले. मग फोन आला, पहिल्या खेळाच्या आमंत्रणाचा.

मोठं थिएटर होतं, गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा. लेक माझ्या डावीकडे, हे उजवीकडे. पडद्यावर राजपुत्र पोट नसलेला होता, एवढी एक सुधारणा. ओठ त्याचे, गळा मालकांचा. दोन कडवी झाली. ऑर्गनने माझा सूर दिला. तबक हातात घेतलेल्या त्या कोवळ्या पोरीचा चेहरा सबंध पडदाभर आला, तिने श्वास घेतला, आणि माझाही श्वास तिथेच थांबला. म्हटलं, न बोलावता का होईना, कुणी तरी चाल बसवली असेल.

"ऐकले नाही तिचे तू, ऐक माझे हे तरी."

ह्यांचा आवाज. कोरडा, सपाट, छापखान्यातला. पोरीचे ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी, आणि वरून हे माझं कडवं वाचून दाखवतायत, साबणाच्या जाहिरातीसारखं. स्वल्पविराम तेवढे सिनेमावाल्यांनी कापले होते. हे माझ्याकडे झुकून म्हणाले, "ऐक, तुझं."

चौथ्या ओळीला पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसायला लागली. सगळीकडे तसलाच आवाज होता. मलाही रडू आलं, पण ते रागाचं होतं. एकदा न बोलून नेलं, आता बोलून नेलं. पहिल्या वेळी निदान जागा रिकामी तरी होती.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने ह्यांना पडद्यासमोर नेलं. म्हणाला, सेहेचाळीस वर्षं विंगेत दडलेला आवाज आज आपण ऐकलात. लोक उभे राहिले. आता त्या मेल्या चष्मेवाल्याचा कुणी चेला ह्याच्यावर अडतीस पानं लिहील. ह्यांना फुलं दिली, दोन पोरींनी ह्यांच्याबरोबर फोटो काढले, एकीने सही मागितली. सखी केलेली ती नटी माझ्याजवळ आली, गोड होती पोर. म्हणाली, "आजी, आजोबांच्या आवाजात केवढं दुःख आहे." मी म्हटलं, "नाही बाई, तो आवाज तसाच आहे." तिला ते फारच खोल वाटलं.

लेक गाडी आणायला गेली. आम्ही बाहेरच्या पायऱ्यांशी आलो. हे फुलं सांभाळत होते, चेहरा लग्नातल्यासारखा. माझा हात धरून म्हणाले, "घेतलं ना अखेर तुझं कडवं? डोक्यावरचं ओझं उतरलं बघ." ह्यांनी दोन पायऱ्या उतरून मागे वळून पाहिलं.

"अगं, एक विचारायचं राहून जातंय. मघाशी आत बसलो असताना आठवून बघत होतो." जरा ओशाळल्यासारखे हसले. "त्याची चाल कशी होती?"

त्रेसष्ट प्रयोग हा माणूस माझ्यापासून चार हातांवर बसला होता. त्रेसष्ट वेळा बोट अक्षरांखालून फिरवत गेला, आणि एकदाही मान वर करून ऐकलं नाही.

चाल माझ्या गळ्यात होती. सकाळीच गायले होते, तिसरी ओळसुद्धा साफ लागली होती.

"खाली बघून उतरा," मी म्हटलं. "शेवटची पायरी उंच आहे."